चार्ज घ्या, मोठ्या सिस्टर

ठेकेदाराने मारलं तेव्हा मुंगीच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो तिने नुकताच त्याच्याच हातून काढून घेतला होता. त्याच्या आईच्या आतड्याचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं. तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, असं पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मुंगीने त्याला तोंडीही बजावलं होतं. तरी तिची पाठ वळताच त्याने म्हातारीची मान उचलली आणि ग्लास ओठांना लावला. मुंगी धावत आली, ग्लास ओढला, पाणी चादरीवर सांडलं आणि पुढच्याच क्षणी त्याच्या पालथ्या हाताचा फटका तिच्या गालावर बसला. ती मागच्या ट्रॉलीवर आदळली. स्टीलचा ट्रे खाली पडून गोल गोल फिरत राहिला. वॉर्डात तेवढाच काय तो आवाज होता.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगकाठी बारीक, सदा लगबग, आणि आपल्या दुप्पट वजनाच्या पेशंटला एकटीच कुशीवर वळवायची. कुणीतरी कधीतरी हे नाव ठेवलं आणि सर्जिकल वॉर्डात तेच चिकटलं. राउंडला आलेले सर्जनसुद्धा "मुंगी कुठाय?" असंच विचारायचे. अशा या सगळ्यांच्या लाडक्या मुंगीला भर वॉर्डात मार बसला आणि कुणीही जागचं हललं नाही. आया हातातली बादली धरून तशीच उभी. नातेवाईक खिडकीबाहेर बघायला लागले. टेबलापाशी मेट्रन उभ्या होत्या. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या सिस्टरनी समोरच्या फाइलचं पान उलटलं.

थोड्या वेळाने व्यवस्थापकांचं बोलावणं आलं.

"बसा सिस्टर. बर्फ लावला ना?" ते फार मऊ आवाजात बोलत. "हे बघा, माणूस आईच्या काळजीने अर्धा वेडा झालाय. तुम्हीही ग्लास जरा हळू घ्यायला हवा होता. ते म्हणतात, तुम्ही आधी ओरडलात. जाऊन सॉरी म्हणा आणि विषय संपवा."

"मी सॉरी म्हणू?"

"म्हणायला काय जातं? नव्या इमारतीचं काम त्यांच्याकडे आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

मुंगी उठली. कपडे बदलायच्या खोलीत गेली, युनिफॉर्म काढून लॉकरमध्ये कोंबला आणि जिना उतरून थेट फाटकापाशी आली. तिथून तिने आत्याला फोन लावला.

मुंगीचं सगळं आत्यानेच केलेलं. आई गेली तेव्हा मुंगी बोलायलाही शिकली नव्हती. आत्या स्वतः याच रुग्णालयात नर्स होती, लग्न केलं नाही, निवृत्त झाली ती दोन्ही गुडघे कामातून गेल्यावर. "मी रीतसर निघाले गं, पण हे दोघं बिननोटिशीचे सोडून गेले," असं ती गुडघ्यांवर हात आपटत सांगायची.

"आत्या, मी नोकरी सोडली," मुंगी म्हणाली. मग तिला रडूच फुटलं आणि तिने रडत रडत सगळं सांगितलं.

आत्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझे पेशंट कुणाकडे दिलेस?"

मुंगीने मागे वळून इमारतीकडे पाहिलं.

"कुणाकडे दिलेस, विचारतेय."

"कुणाकडे नाही."

"मग आधी वर जा. तोंड धू, युनिफॉर्म घाल, ड्युटी संपव. घरी आलीस की काय ते बोलू. आणि ऐक, त्याला सॉरी म्हणायचं नाही."

मुंगी परत वर गेली. लॉकरमधला चुरगळलेला युनिफॉर्म चढवताना गालाबरोबर कानही ठणकत होता. वॉर्डात पाय टाकला तेव्हा ठेकेदार आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला होता. त्याने मान वर केली नाही. तिनेही त्याच्याकडे न बघता सलाईनची बाटली बदलली. 

संध्याकाळी आत्याने तिच्यासमोर जेवायचं ताट ठेवलं आणि स्वतः पलंगावर पाय लांब करून बसली.

"सोडायची ना नोकरी? सोड. पण आज फाटकातून गेली असतीस तर उद्या त्याने चार माणसांत सांगितलं असतं, एका थोबाडीत पळवून लावली म्हणून. आणि तुझ्या त्या गोडबोल्याने लिहिलं असतं, पेशंट टाकून गेली. मग पुढे कोण उभं करणार तुला?"

"मग करू काय?"

"कागद घे. साहेबांस म्हणून लिही, अमुक तारखेपासून मला मुक्त करावं. बस. रडगाणं नको, कारण नको."

"मारलं ते नको लिहू?"

"लिही ना! चांगलं खणखणीत लिही. पण वेगळ्या कागदावर. ती तक्रार, हा राजीनामा. दोन्ही एकत्र केलंस की म्हणतील, रागाच्या भरात काहीतरी खरडलंय, आणि दोन्ही टोपलीत जातील. प्रत्येकाची प्रत घ्यायची, त्यावर पोचल्याचा शिक्का मारून घ्यायचा. मग महिनाभर नोटीस. एक दांडी नाही, उशीर नाही. आणि शेवटच्या दिवशी चार्ज पलंगापाशी उभं राहून द्यायचा, दुसऱ्या नर्सच्या हातात. कळलं?"

"महिनाभर त्याच्यासमोर वावरायचं, आत्या?"

आत्याने गुडघा चोळला. "हो," ती म्हणाली. "ते अवघड आहे. त्याला माझ्याकडे काही उपाय नाही."

मुंगीने दोन्ही कागद तिथेच ताटाशेजारी लिहिले. आत्याने तेवढ्यात आपल्या एका जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती शेजारच्या शहरात मुलांच्या लसीकरणाचं केंद्र चालवायची आणि तिला नर्स हवीच होती. नोटीस संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी रुजू व्हायचं ठरलं. त्यापुढे थांबणं मात्र त्या मैत्रिणीला शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुंगीने राजीनामा मोठ्या सिस्टरपुढे ठेवला. त्यांनी वाचला, शिक्का मारला, प्रत परत दिली. मग तक्रार वाचायला घेतली. शेवटच्या ओळीपाशी त्यांची नजर अडली. तिथे लिहिलं होतं, 'या वेळी मेट्रन वॉर्डात हजर होत्या.'

"मी फाइल बघत होते," त्या म्हणाल्या. "मी काही पाहिलं नाही."

"बरं," मुंगी म्हणाली.

"वॉर्ड बदलून देता येणार नाही. माणसंच नाहीत माझ्याकडे."

"मी मागितलाच नाही."

मोठ्या सिस्टरनी तक्रारीवरही शिक्का मारला. जरा जास्तच जोरात मारला.

त्यानंतरचे दिवस मुंगीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. म्हातारीला मधुमेह होता. पोटावरची जखम भरेना. टाके उसवले, पू झाला, रोज सकाळी ड्रेसिंग करावं लागायचं आणि ते मुंगीच्याच वाट्याला यायचं. ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असा नियम. "बाहेर थांबा," एवढंच ती म्हणायची. ठेकेदार मुद्दाम सावकाश उठायचा, तिच्या अगदी जवळून जायचा. तो मागून गेला की तिचा खांदा आपोआप वर उचलला जायचा, गाल झाकायला निघाल्यासारखा. याचा तिला फार राग यायचा. त्याचा यायचा त्याहून जास्त.

बाकीच्या सिस्टर तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. चहाला बसल्या आणि ती आली की विषय बदलायच्या. व्यवस्थापक कॉरिडॉरमध्ये भेटले की हसून विचारायचे, "काय सिस्टर, केला का विचार? ती तक्रार मागे घ्या. अनुभवाचा दाखला मी स्वतः लिहितो, एकदम फर्स्टक्लास." एकदा ते असंही म्हणाले की दाखल्याला उशीर होतो कधीकधी, वर्ष वर्ष लागतं, काय करणार.

एका दुपारी ठेकेदाराने तिला जिन्यात गाठलं. ती औषधं घेऊन वर येत होती, तो वरच्या पायरीवर उभा. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"माझ्याविरुद्ध काय लिहून दिलंस?"

"झालं ते लिहिलं."

"मागे घे ते. माझी माणसं आहेत खाली, साइटवर. त्यांच्यात माझी इज्जत आहे." तो एक पायरी खाली उतरला. "मी तुला त्यानंतर एका शब्दाने काही बोललो? बोललो का?"

 ट्रेमधल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या आणि ते त्याला ऐकू जातंय हे तिला कळत होतं.

"आजींच्या अँटिबायोटिकची वेळ झालीय," ती म्हणाली. "वाट सोडा."

 तो भिंतीला टेकला आणि ती त्याच्या अंगावरून वर निघून गेली. वर पोचल्यावर बाथरूममध्ये जाऊन तिने कडी लावली आणि श्वास जागेवर येईपर्यंत नळ सोडून उभी राहिली.

म्हातारी एरवी ड्रेसिंगभर डोळे मिटून पडून असायची. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले.

"पाणी मी मागितलं होतं," ती एकदम म्हणाली. "त्याला मीच म्हटलं, जीव चाललाय रे, घोटभर दे. म्हणून त्यानं दिलं."

"तहान लागतेच आजी. तुमचं काही चुकलं नाही."

"तुला फार लागलं का गं?"

"लागलं."

म्हातारी छताकडे बघत राहिली. "तो मनाचा वाईट नाही," ती हळूच म्हणाली.  मुंगीने पट्टी चिकटवली, चादर नीट केली आणि ट्रॉली ढकलत पुढच्या पलंगाकडे गेली.

शेवटचा दिवस उजाडला. मुंगीची सकाळपासूनची ड्युटी होती, ती संध्याकाळी संपायची. तिथून थेट शेजारच्या शहरात जायचं, म्हणून आत्या सामान घेऊन, भाड्याची गाडी करून फाटकाशी येणार होती. दिवस तसा बरा गेला. जेवणाच्या सुट्टीत एका सिस्टरने तिच्या हातात गुपचूप एक पेनाचं पाकीट कोंबलं आणि कुणी बघायच्या आत निघून गेली. तेवढ्यानेही मुंगीचे डोळे भरून आले.

पण ड्युटी संपली तरी संध्याकाळची सिस्टर आली नाही.

मुंगीने आधी वाट पाहिली, मग मोठ्या सिस्टरना फोन केला. 

"तिला आयसीयूत पाठवलंय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "वरून फोन आला होता. दुसरं कुणी मिळतंय का बघते."

वरून म्हणजे कुठून, हे विचारायची गरज नव्हती. चार्ज घ्यायला कुणी नाही म्हणजे निघता येणार नाही, निघालं तर पेशंट टाकून गेली, थांबलं तर उद्याची नोकरी गेली. मुंगीला सगळा डाव एकदम दिसला. आत्याचा फोन येत होता. तिने तो कट केला आणि पलंगांवरून एक फेरी मारायला निघाली. हात रिकामे ठेवण्यापेक्षा बरं.

खिडकीशेजारच्या पलंगापाशी ती थबकली. म्हातारी उगाच हातपाय हलवत होती. ओठ पांढरे पडले होते. मुंगीने कपाळाला हात लावला, तर गार घाम. नाडी बोटांखाली पळत होती. तिने चादर बाजूला केली. पोटावरचं ड्रेसिंग लालभडक झालं होतं, आणि बघता बघता तो लाल डाग कडेने गादीवर उतरत होता. जखमेच्या आतली एखादी रक्तवाहिनी फुटली होती.

तिने ट्रॉलीवरचा पॅडचा गठ्ठा उचलला, जखमेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी, अंगाचं सगळं वजन टाकून दाबून धरला. रक्त बोटांमधून आलं, मग कमी झालं. "सिस्टर! कुणीतरी या!" ती ओरडली. आया खाली कपडे टाकायला गेली होती. बेल पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, हात पोचेना.

दारात ठेकेदार उभा होता. तो रोज याच वेळी यायचा.

"काय केलंस तू आईला?" तो धावतच आला आणि त्याने मागून तिचा खांदा पकडला. मुंगीचं सगळं अंग आक्रसलं. दोन्ही हात गुंतलेले. गाल झाकायला एकही मोकळा नव्हता. तिने डोळे घट्ट मिटले, मग उघडले आणि मान न वळवता म्हणाली,

"मला ओढलंत तर हात सुटेल. हात सुटला तर तुमची आई जाईल. बेल दाबा."

खांद्यावरची पकड तशीच होती.

"बेल दाबा! ती लाल. दाबून धरा!"

पकड सुटली. बेल वाजायला लागली आणि वाजतच राहिली.

"आता पायाशी या. खाली हँडल आहे. फिरवा. उलटं नाही, उजवीकडे. पाय वर येईपर्यंत फिरवत राहा."

तो गुडघ्यांवर बसला आणि हँडल फिरवू लागला. पलंगाची पायाकडची बाजू करकरत वर आली. "आई, ए आई," असं तो सारखं पुटपुटत होता. म्हातारीचे डोळे अर्धे मिटले होते.

"आजी, माझ्याकडे बघा. झोपायचं नाही. मी धरलंय. बघा माझ्याकडे."

मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांना धावताना त्या इमारतीत कुणी पाहिलं नव्हतं. दारातूनच त्यांनी पाहिलं आणि जे ओळखायचं ते ओळखलं. "हात काढू नकोस," एवढंच म्हणाल्या. सर्जनना फोन लावून तो कान आणि खांद्यात धरला, बोलता बोलताच म्हातारीचा दंड बांधला. शिरा पार बसलेल्या होत्या. मोठ्या सिस्टरनी दोन बोटांनी चाचपलं, सुई आत घातली, पहिल्याच खेपेला रक्त आलं. सलाईन धारेने सुटलं. तोवर शेजारच्या वॉर्डातली सिस्टर ट्रॉली घेऊन आली.

म्हातारीला ट्रॉलीवर घेतानासुद्धा मुंगीने दाब सोडला नाही. कॉरिडॉरभर ती ट्रॉलीच्या बाजूने तिरकी धावत गेली. लिफ्टमध्ये ठेकेदार कोपऱ्यात उभा होता, हात छातीशी धरून, जणू ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. थिएटरच्या दारात सर्जन हातमोजे घालून तयार होते. त्यांनी मुंगीच्या हातांवर आपले हात ठेवले.

"मी घेतलंय. सोड आता."

तिला बोटं उघडता येईनात. मोठ्या सिस्टरनी एकेक बोट सोडवलं.

दोघी वॉर्डात परत आल्या तेव्हा शेजारची सिस्टर दारात उभी राहून दोन्ही वॉर्डांवर नजर ठेवून होती. तिला मोकळं केलं. मुंगीने बेसिनशी कोपरापर्यंत हात धुतले. आरशात पाहिलं तर कपाळावर रक्ताचा ओघळ. तो पुसत असतानाच मागून मऊ आवाज आला.

"शाब्बास सिस्टर. ऐकलं मी सगळं." व्यवस्थापक टेबलाला टेकून उभे होते. "आता तुम्हीच बघा, तुमच्यासारखं माणूस आम्ही कसं सोडायचं? आणि आज तर बदली माणूसच नाही. रात्रभर थांबा. उद्या बघू."

"माझी नोटीस आज संपली, सर. उद्या सकाळी मला दुसरीकडे हजर व्हायचंय."

"तुमची मर्जी." ते हसले. "पण वॉर्डात नर्स नसताना गेलात तर मला तसं लिहावं लागेल. पेशंट सोडून गेल्या. मग नर्सिंगच्या नोंदणीचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. नाहीतर ती तक्रार आत्ता मागे घ्या, मी पाच मिनिटांत माणूस आणतो."

म्हणजे माणूस होता.  एक ओळ लिहायची आणि मोकळं व्हायचं. खाली आत्या वाट बघतेय. कुणाला कळणारही नाही.

तिने हात पुसले. मग व्यवस्थापकांकडे न बघता वळली आणि म्हणाली,

"चार्ज घ्या, मोठ्या सिस्टर."

व्यवस्थापक टेबलापासून सरळ झाले.

"वॉर्डात नर्स आहे, सर," मुंगी म्हणाली.  "या नर्स आहेत. मी यांना चार्ज देते."

"मेट्रनचं हे काम नाही," व्यवस्थापक म्हणाले. "मॅडम, तुम्ही ऑफिसला चला."

मोठ्या सिस्टर आपल्या हातांकडे बघत होत्या. बाहीवर म्हातारीचं रक्त वाळत आलं होतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं आणि बाह्या वर सारल्या.

"दे," त्या म्हणाल्या.

दोघी पहिल्या पलंगापाशी गेल्या. मुंगीने सांगायला सुरुवात केली. हर्नियाचं ऑपरेशन, कालचं, दुखण्याचं इंजेक्शन दुपारी दिलंय. मोठ्या सिस्टर नुसती मान डोलावत नव्हत्या. त्या विचारत होत्या. सलाईन किती उरलंय, टाके कुणी पाहिले, घरचं कोण आहे. तिसऱ्या पलंगाशी त्यांनी पिशवी उचलून बघितली. "लघवी कमी दिसतेय."

"दुपारपासून कमीच आहे. डॉक्टरांना सांगितलंय. अजून तासभर बघा, नाहीतर पुन्हा कळवा."

"याची ॲलर्जी?"

"पेनिसिलिनची. हातावर पट्टा बांधलाय. फाइलवरही लिहिलंय."

एका पेशंटने विचारलं, "सिस्टर, तुम्ही चाललात?" मुंगी म्हणाली, "हो काका. आता या बघतील." काकांनी मोठ्या सिस्टरना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "यांना इंजेक्शन येतं का?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला देऊनच दाखवते," आणि मुंगीला त्या सगळ्या ताणात हसू आलं.

खिडकीशेजारचा पलंग रिकामा होता. गादीवर डाग होता. "आजी थिएटरमध्ये," मुंगी म्हणाली आणि तिला पुढचं काही सुचलं नाही.

"परत आल्या की मी आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

टेबलापाशी येऊन त्यांनी चार्ज घेतल्याची सही केली. मग खालच्या खणातून मुंगीचं कार्यमुक्तीचं पत्र काढलं. ते टाइप करून तयारच होतं. त्यावर सही केली.

"दाखला माझ्याशिवाय निघणार नाही," व्यवस्थापक म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता.

"त्याचं तुम्ही बघा. नर्सला कार्यमुक्त मी करते." मोठ्या सिस्टरनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "आणि त्या तक्रारीवर मला चौकशीला बोलवा. मी फाइल बघत नव्हते त्या दिवशी. मी पाहिलंय. लिहून देते."

व्यवस्थापक निघून गेले. दार आपटलं नाही, पण नीट लावलंही नाही. मोठ्या सिस्टर मुंगीकडे बघायचं टाळत होत्या. "जा आता," त्या म्हणाल्या. "आत्या खाली ताटकळली असेल तुझी. जा."

मुंगी जिन्याकडे निघाली तेव्हा थिएटरबाहेरच्या बाकावर ठेकेदार बसला होता. शर्टाच्या कफला रक्त लागलं होतं. तिला बघून तो उठून उभा राहिला. तिचा खांदा पुन्हा उचलला गेला, पण ती थांबली.

"आई?" त्याने विचारलं.

"सर्जन आत आहेत. रक्त वेळेत थांबवलंय. बाहेर येऊन तेच सांगतील."

"तू..." तो म्हणाला. मग "तुम्ही..." म्हणाला.  मुंगीने त्याला वेळ दिला नाही. ती जिना उतरली.

गाडीत आत्या दोन पिशव्यांच्या मधे बसून होती. "फोन का कट केलास? आणि हे काय, युनिफॉर्मवर रक्त कसलं?" मुंगीने सांगायला तोंड उघडलं, पण दात वाजायला लागले. आत्याने आपली शाल काढून तिला गुंडाळली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला दादा. जरा सावकाश."

शहर मागे पडल्यावर मुंगीने एकेक करून सगळं सांगितलं. मोठ्या सिस्टरनी बाह्या सारल्या तिथे आल्यावर आत्या म्हणाली, "हात चांगला होता हो तिचा. खुर्चीने खाल्ला." एवढ्यात फोन वाजला.

"टाके घातले," मोठ्या सिस्टरचा आवाज. "रक्त चढतंय. बीपी वर आलंय म्हातारीचं. वाचेल." मुंगीने डोळे मिटून घेतले. "आणि ऐक, ते तिसऱ्या पलंगाचं इन्सुलिन कुठे ठेवलंयस? फ्रिजमध्ये सापडत नाहीये."

"दारात. खालच्या कप्प्यात, आडवं."

खडखडाट ऐकू आला. "सापडलं. ठेवते."

चौकशी व्हायला बराच काळ गेला. मोठ्या सिस्टरनी लेखी साक्ष दिली, मग त्या दिवशी बादली धरून उभ्या असलेल्या आयानेही दिली, मग आणखी एकदोघींनी. ठेकेदाराला समितीपुढे येऊन लेखी माफी मागावी लागली. तिची प्रत मुंगीला पोस्टाने आली. ती माफी मनापासूनची होती की इमारतीचं काम टिकवण्यासाठी, हे कागदावरून कळायला मार्ग नव्हता. मुंगीने ती एकदाच वाचली. म्हातारी मात्र काठी टेकत चालती होऊन घरी गेली. अनुभवाचा दाखला सगळ्यात शेवटी आला, त्यातही नोकरीची दोन वर्षं कमी लिहिलेली. आत्याने चष्मा लावून तो तपासला, फोन उचलला आणि व्यवस्थापकांना जे काही सुनावलं ते ऐकत मुंगी दारात चपला घालत उभी राहिली. केंद्रावर पोरं रांगेत रडत बसली असतील, तिला उशीर करायचा नव्हता.